उजवं वळण बंद करताना दुकानाच्या पायरीकडेही बघा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या काही वर्षांत पुण्यात एक पद्धतच पडत चाललीय, चौकात कोंडी व्हायला लागली की उजवीकडचं वळण बंद करायचं, मधे बॅरिकेड लावायचे, डिव्हायडरमधलं पंक्चर, म्हणजे वळायला ठेवलेली मोकळी जागा, बुजवायचं आणि पुढे कुठंतरी यू-टर्न द्यायचा. सोलापूर रोडला झालं, नगर रोडला झालं, गणेशखिंड रोडला झालं, आता आमच्या चौकापर्यंत आलंय. चौकाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण नाव लिहिलं की बाकीच्या भागातले लोक हा त्यांचा प्रश्न आहे म्हणून पान उलटतात, आणि हा प्रश्न सातारा रोडवरच्या, सिंहगड रोडवरच्या, कोथरूडच्या, हडपसरच्या कुठल्याही चौकातल्या माणसाचा आहे. पश्चिम पुण्यातला एक मोठा रस्ता, त्याला दोन बाजूंनी येऊन मिळणारे दोन मध्यम रस्ते, कोपऱ्यावर मेडिकल, बेकरी, भाजीवाले, बँक, एक मंगल कार्यालय आणि थोडं आत माझं हार्डवेअर आणि पेंटचं दुकान, एवढं चित्र डोळ्यासमोर आलं तरी पुरे.

पहिल्यांदा एक गोष्ट स्वच्छ सांगतो. मी दुकानदार आहे म्हणून उजवं वळण बंद करायला सरसकट विरोध करायला हे पत्र लिहीत नाहीये. वळण बंद केल्याने वाहतूक सुटते हे खरं आहे आणि ती का सुटते तेही समजून घ्यायला पाहिजे, नाहीतर आम्ही व्यापारी नुसते निवेदनं देत बसतो आणि समोरचा अधिकारी म्हणतो यांना फक्त आपला गल्ला दिसतो.

कारण असं आहे. चार बाजूंना उजवीकडे वळायची मुभा असली की सिग्नलला बहुतेक वेळा चार फेज द्याव्या लागतात, म्हणजे एका वेळी एकच बाजू सुटते आणि बाकीच्या तीन उभ्या. प्रत्येक वेळी हिरवा बदलताना तीन-चार सेकंद कुणाच्याच कामाचे नसतात, पुढची गाडी हलायला वेळ, मागची अडकलेली बाहेर पडायला वेळ, तर चार फेजमध्ये ते सेकंद चार वेळा जातात. उजवं वळण काढलं की दोन फेजमध्ये काम होतं, समोरासमोरचे दोन्ही सरळ जाणारे एकदमच सुटतात, आणि प्रत्येक बाजूला मिळणारा हिरवा वेळ जवळजवळ दुप्पट होतो. ज्याला वारज्याला किंवा बावधनला घरी जायचंय त्याची संध्याकाळची पंधरा मिनिटं वाचत असतील तर ती काही थोडीथोडकी गोष्ट नाही, तोसुद्धा दिवसभर काम करून थकलेला माणूस आहे, त्या रांगेत ॲम्ब्युलन्स असते, शाळेची व्हॅन असते. हे मी मनापासून म्हणतोय.

पण मग तो उजवीकडे वळणारा माणूस गेला कुठे? तो नाहीसा तर झालेला नाही. समजा यू-टर्न ४०० मीटर पुढे दिलाय, तर त्याला ४०० जायचं आणि ४०० परत यायचं, ८०० मीटर जास्तीचे. तासाला ३०० गाड्या अशा वळत असतील तर २४० किलोमीटर जास्तीचं गाडी चालवणं त्याच रस्त्यावर दर तासाला येतं. शिवाय यू-टर्न घेणाऱ्याला डाव्या लेनमधून उजव्या लेनला जायचं असतं, वळल्यावर परत उजवीकडून डावीकडे यायचं असतं, म्हणजे सरळ जाणाऱ्यांना तो दोन वेळा आडवा जातो. यू-टर्नच्या तोंडाशी रांग लागली की ती आतली लेन खाते. चौकातली कोंडी पुढच्या पंक्चरला जाऊन बसते आणि चौकात उभा असलेला माणूस म्हणतो, बघा चौक कसा मोकळा झाला.

आणि दुचाकीवाला तर पुढे जातच नाही. आपल्याकडे रस्त्यावर सगळ्यात जास्त दुचाक्याच आहेत, आणि आठशे मीटरचा वळसा सांगितला की त्यातले बरेच जण राँग साइडने येतात, फूटपाथला घासून, दुकानांच्या पायऱ्यांपाशी, जिथून माणसं उतरतात अगदी तिथूनच. हे चूक आहे, दंड व्हायलाच पाहिजे. पण योजना आखणाऱ्याने हे होणार हे आधीच धरायला पाहिजे, कारण प्रत्येक बंद केलेल्या चौकात ते झालेलं आहे. बेकरीतून पाव घेऊन खाली पाय टाकणारी बाई उजवीकडे बघते, गाडी येते डावीकडून. आमच्या इथल्या सोसायटीतल्या एका आजींना असाच धक्का लागला, हात मोडला, त्यानंतर त्या संध्याकाळच्या खाली उतरतच नाहीत.

पायी चालणाऱ्यांचं तर कुणी बोलतच नाही म्हणून जरा लांबण लावतो. सिग्नल असला की निदान लाल असताना गाड्या थांबतात आणि माणूस पलीकडे जातो. जिथे सिग्नलच काढून सलग वाहतूक सोडली तिथे गाड्यांना खंड पडत नाही, मग माणसाने ओलांडायचं कधी? रस्ता २४ मीटर रुंद धरला आणि माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असा नेहमीचा हिशोब धरला तर २० सेकंद लागतात, म्हातारं माणूस असेल किंवा हाताला लहान मूल असेल तर तीस. एवढा वेळ त्याला कुठल्यातरी फेजमध्ये काढून द्यावाच लागतो, तो दिला नाही तर पलीकडची बाजू त्याच्यासाठी दुसरं गाव होते. आमच्या चौकात मेडिकल एका बाजूला आणि दवाखाने दुसऱ्या बाजूला आहेत. भाजी इकडे, बसस्टॉप तिकडे. त्यामुळे धंद्याचं नुकसान नुकसान म्हणून आम्ही जे ओरडतो ना, त्यातला मोठा भाग गाडीने येणाऱ्या गिऱ्हाइकाचा नसून हा पलीकडून चालत येणाऱ्या गिऱ्हाइकाचा आहे, असं माझं बघून बघून मत झालंय.

इथे माझ्या व्यापारी बंधूंना थोडं कडू लागेल असं लिहिणार आहे. आपण सगळे धरून चालतो की गिऱ्हाईक चारचाकीतून येतं, दारात पार्किंग गेलं की धंदा गेला. बाहेरच्या देशात हे मोजून बघितलंय. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात २००६ साली दुकानदारांना विचारलं तर त्यांनी सांगितलं ४१ टक्के गिऱ्हाईक मोटारीने येतं, प्रत्यक्ष गिऱ्हाइकांना विचारलं तर ते निघाले २२ टक्के. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये १९९१ साली असंच, दुकानदार म्हणाले ५८, निघाले ३२. तिकडचं जसंच्या तसं इकडे लागू होईल असं मी म्हणत नाही, आपल्याकडे दुचाकी आहे, रिक्षा आहे, सगळं वेगळं आहे. पण दुकानदाराचा अंदाज मोटारीच्या बाजूला झुकतो हे मात्र मला आपल्या इथेही दिसतं, कारण मोटारवाला लक्षात राहतो, तो दारात हॉर्न वाजवतो, मोठी खरेदी करतो, आणि पिशवी घेऊन रोज येणारी दहा माणसं लक्षात राहत नाहीत.

आणि दारातलं पार्किंग नेमकं कोण वापरतं तेही एकदा बघूया. सकाळी दहाला दुकान उघडताना नोकरांच्या आणि मालकांच्या गाड्या लागतात त्या रात्री नऊपर्यंत तिथेच. वरच्या मजल्यावरच्या ऑफिसवाल्यांच्या लागतात. गिऱ्हाइकाला जागा मिळतच नाही, म्हणून तो डबल पार्किंग करतो, इंडिकेटर लावून दोन मिनिटांत येतो म्हणतो आणि एक अख्खी लेन बंद. महापालिकेच्या पार्किंग धोरणाला २०१८ साली मंजुरी मिळाली होती, प्रायोगिक म्हणून पाच रस्त्यांवर पे अँड पार्क करायचं ठरलं होतं, त्याला आपण व्यापाऱ्यांनी आणि राजकीय पक्षांनी मिळून एवढा विरोध केला की ते कागदावरच राहिलं. माझं म्हणणं आहे की रस्त्यावर तासाला पैसे लागले तर दिवसभर पडून राहणाऱ्या गाड्या हलतील आणि खऱ्या गिऱ्हाइकाला अर्ध्या तासासाठी जागा मिळेल, हे दुकानदाराच्याच फायद्याचं आहे. पेठांमध्ये पी-वन पी-टू चालतं तसं नुसतं सम-विषम करून काही होत नाही, गाडी आज या बाजूला उभी राहते ती उद्या त्या बाजूला.

आता मूळ मुद्दा. आमच्या चौकात उजवं वळण हेच कोंडीचं कारण आहे असं धरून सगळं चाललंय. मी रोज काउंटरवरून तो चौक बघतो आणि मला तसं वाटत नाही. सिग्नल हिरवा झाला की एका लेनमधून साधारण दोन सेकंदाला एक मोटार सुटते, दुचाक्या मधून मधून त्याच्यापेक्षा जास्त. ४० सेकंदांचा हिरवा असला तर एका लेनमधून २०, दोन लेन असल्या तर ४० मोटारी. आता डाव्या लेनमध्ये स्टॉप लाइनच्या जवळ एक टेम्पो उभा राहिला, किंवा रिक्षा सीट घ्यायला थांबली, किंवा वडापावची गाडी थोडी खाली उतरली, की ४० चे २० झाले. कितीही फेज वाचवा, कितीही वळणं बंद करा, एका उभ्या टेम्पोने ती सगळी बचत खाऊन टाकली. शिवाय डावीकडे वळणारा त्या टेम्पोच्या मागे अडकतो, तो अडकला की सरळ जाणारा अडकतो. बसस्टॉप चौकाच्या अलीकडे, बरोबर सिग्नलच्या तोंडाशी आहे, बस प्रवासी घेते तोपर्यंत हिरवा जातो, मग बस पुढच्या हिरव्याची वाट बघत तिथेच. तोच स्टॉप चौक ओलांडून पन्नास-साठ मीटर पुढे नेला तर बस चौकातून सुटून पुढे थांबेल. याला खर्च किती येणार आहे, एक शेड आणि एक पाटी.

चौकापासून ५० मीटरच्या आत वाहन उभं करायचं नाही, थांबवायचंही नाही, हे आपल्याकडे किती वेळा जाहीर झालंय. दोन दिवस टोइंगची गाडी फिरते, फोटो येतात, मग परत जैसे थे. तो चौकात उभा असलेला हवालदार एकटा काय काय करणार, तो धूर खात, उन्हात उभा राहून हाताने वाहतूक सोडत असतो आणि त्याला वर व्हीआयपी बंदोबस्तालाही जायचं असतं. म्हणून माझं म्हणणं असं की हे ५० मीटर आम्ही दुकानदारांनी स्वतः मोकळे ठेवले पाहिजेत, आणि पालिकेने तिथला फूटपाथ बाहेर काढून, बोलार्ड म्हणजे बुटके खांब लावून असा करावा की गाडी उभी करायची म्हटली तरी जागा नसावी. जंगली महाराज रोडला फूटपाथ रुंद केला तेव्हा किती ओरड झाली होती, आज तिथे संध्याकाळी लोक बाकावर बसतात, चालतात, आणि तिथली दुकानं काही बंद पडलेली नाहीत.

लक्ष्मी रोडचंही तसंच. ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक एवढा पट्टा गाड्यांना बंद असतो, पहिल्यांदा केला २०२१ ला. त्या दिवशी तिथे जाऊन बघावं, माणसं रस्त्याच्या मधोमध चालतात, दुकानाच्या काचेत बघत उभी राहतात. एका दिवसावरून वर्षाचा निकाल काढता येत नाही हे मला मान्य आहे, आणि साड्यांच्या, सोन्याच्या दुकानाला जे चालतं ते माझ्यासारख्या वीस-वीस किलोचे पेंटचे ड्रम विकणाऱ्याला चालेलच असं नाही. माझा माल खांद्यावर नेता येत नाही.

आणि म्हणूनच मला वाटतं की दुकानात शिरायची सोय हा शब्द आपण फार ढोबळ वापरतो. प्रत्येक धंद्याची गरज वेगळी आहे. बेकरीला, मेडिकलला पाच मिनिटं थांबायला जागा पाहिजे. भाजीवाल्याला चालणारा माणूस पाहिजे. मला आणि फर्निचरवाल्याला टेम्पो लावायला वीस मिनिटं पाहिजेत, पण ती संध्याकाळी सहालाच पाहिजेत असं अजिबात नाही. दुपारी एक ते चार आमच्या भागात निम्मी दुकानं बंद असतात, रस्ता मोकळा असतो, त्या वेळात माल चढवायला-उतरवायला एक पांढरा पट्टा आखून द्या, बाकी वेळ तिथे टेम्पो दिसला तर दंड करा, मी पहिला सही करायला तयार आहे. कंपनीच्या गाड्या अकराला येतात, त्यांना आम्ही मिळून सांगू शकतो की दोनला या किंवा सकाळी नवाच्या आत या. एकट्या दुकानदाराचं डिस्ट्रिब्यूटर ऐकत नाही, तीस दुकानांनी मिळून सांगितलं तर ऐकतील.

तसंच उजव्या वळणाचं. ते चोवीस तास बंद कशाला पाहिजे? कोंडी होते सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ. त्या वेळात बंद ठेवा, सिग्नलवर तशी पाटी लावा, बॅरिकेड चाकांचे ठेवा, बाकी वेळात उघडा. दुपारी दोन वाजता रिकाम्या रस्त्यावरून एखाद्याला आठशे मीटर फिरवून आणण्यात वाहतुकीचाही फायदा नाही आणि दुकानदाराचाही नाही. रात्री दहानंतर तर अजिबातच नाही. रविवारी ऑफिसवाले नसतात पण मंगल कार्यालयाला मुहूर्त असला तर वेगळीच गर्दी असते, तेव्हा वेगळं करावं लागेल. वेळेप्रमाणे सिग्नल बदलणं हे काही नवीन तंत्र नाही, शहरात अत्याधुनिक सिग्नल बसवलेत ते याच कामासाठी ना.

याच्यावर मला एकाने उत्तर दिलं की वेळेप्रमाणे ठेवलं तर लोक गोंधळतात, कायमचा काँक्रीटचा डिव्हायडर घातला की प्रश्न मिटतो. गोंधळतात हे पहिले पंधरा दिवस खरं आहे. पण काँक्रीट ओतलं की ते परत फोडायला कुणी येत नाही, आणि चुकलं तर ती चूक वर्षानुवर्षं आपल्या माथी. या शहरात वाहतूक सुटावी म्हणून बांधलेला विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल जेमतेम दीड दशकात, २०२० साली, पाडावा लागला. नळ स्टॉपला दुमजली पूल २०२२ मध्ये सुरू झाला, वर मेट्रो, मधे गाड्या, खाली रस्ता, आणि पूल सुरू झाल्या झाल्या कोंडी पुलाच्या दोन्ही टोकांना जाऊन बसली, कारण पूल चौक ओलांडतो पण पुढचा रस्ता तेवढाच राहतो. चौक एकटा सोडवता येत नाही, त्याच्या पुढचा आणि मागचा अर्धा-अर्धा किलोमीटर बरोबर धरावा लागतो, हे त्यातून कळायला हवं होतं.

आता मोजणीबद्दल, कारण निर्णय शेवटी आकड्यांवर होतो आणि आकडे कसले घेतले हे कुणी विचारत नाही. चौकाचा सर्व्हे होतो तेव्हा गाड्या मोजतात आणि प्रत्येक गाडीला मोटारीच्या हिशोबात बसवतात. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या १९९० च्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत मोटार म्हणजे १, दुचाकी अर्धी ते पाऊण, रिक्षा १.२ ते २, बस २.२ ते ३.७, असं धरलंय. रस्त्यावरची जागा किती व्यापली यासाठी हे बरोबर आहे. पण पन्नास माणसं घेऊन जाणारी पीएमपीची बस फार तर पावणेचार मोटारींएवढी धरली जाते, एकटा माणूस बसलेली मोटार एक धरली जाते, आणि चालत ओलांडणारा माणूस त्यात येतच नाही. दुकानात शिरणारा माणूस येत नाही. रस्त्याकडेला पाच मिनिटं थांबून औषध घेऊन गेलेला माणूस येत नाही. मग त्या तक्त्यातून जो निष्कर्ष निघणार तो जास्तीत जास्त मोटारी लवकरात लवकर पुढे काढा हाच निघणार, दुसरा निघूच शकत नाही.

म्हणून माझी मागणी आहे की आमच्या चौकात प्रयोग करायचाच असेल तर आधी दोन आठवडे आणि नंतर दोन आठवडे सारख्या गोष्टी मोजा. चौकातून किती माणसं गेली, गाड्या नव्हे, माणसं. पायी किती जणांनी ओलांडलं आणि त्यांना किती वेळ थांबावं लागलं. पुढच्या यू-टर्नला किती रांग लागली. राँग साइडने किती दुचाक्या आल्या. बाजूच्या गल्ल्यांत किती गाड्या घुसल्या, कारण वळण बंद झालं की लोक सोसायटीच्या गल्लीतून रस्ता काढतात, तिथे मुलं खेळत असतात. बस किती मिनिटं अडकली. आणि दुकानांत किती माणसं आली, हे मोजायला दुकानदारांची मदत लागेल, ती आम्ही देऊ. गल्ल्याचा आकडा कुणी खरा सांगणार नाही हे उघड आहे, पण दारातून आत येणारी डोकी मोजायला काय हरकत आहे, एक मुलगा स्टुलावर बसवला की झालं. हे मोजमाप लोकांसमोर चौकातच बोर्डावर लावा, आणि मग ठरवा.

कायद्यातही हे बसतं. असे बदल मोटार वाहन कायदा १९८८ च्या ११५, ११६, ११७ या कलमांखाली काढलेल्या आदेशाने होतात, आधी ते प्रायोगिक तत्त्वावर असतात आणि नागरिकांच्या हरकती-सूचना मागवतात. पद्धत चांगली आहे. पण आदेश पेपरात एका कोपऱ्यात येतो, सूचना लेखी द्यायच्या, त्या द्यायला दुकान बंद करून जायचं, आणि आलेल्या सूचनांचं पुढे काय झालं हे कळायची सोय नाही. हाच आदेश मराठीत, मोठ्या अक्षरात, नकाशासकट त्या चौकातल्या चार कोपऱ्यांवर लावला तर जे रोज तिथून जातात ते वाचतील. ज्याला लिहिता येत नाही त्या पथारीवाल्याचं म्हणणंही कुणीतरी तिथे येऊन ऐकलं पाहिजे, कारण चौकातल्या पहिल्या ५० मीटरमधून सगळ्यात आधी तोच उठवला जाणार आहे, आणि फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्याला जागा दिल्याशिवाय नुसतं हाकलून चालत नाही. आमच्या इथले चार भाजीवाले आतल्या रस्त्याच्या तोंडापासून थोडं पुढे, शाळेच्या भिंतीलगत बसू शकतात, तिथे फूटपाथ रुंद आहे आणि मी त्यांच्याशी बोललोय, ते तयार आहेत.

व्यापारी संघटनांनाही विनंती आहे. दुकानं एक दिवस बंद ठेवून काही होत नाही, त्याने गिऱ्हाइकाचीच गैरसोय होते आणि बातमीत आपण अडवणूक करणारे दिसतो. त्यापेक्षा आपल्या नोकरांच्या गाड्यांसाठी जवळच्या एखाद्या मोकळ्या प्लॉटवर किंवा मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये महिन्याच्या भाड्याने जागा घेऊ, ज्या दिवशी कार्य नसतं त्या दिवशी ती रिकामीच असते. दारातल्या वीस जागा त्याने मोकळ्या होतील. मग आपण अधिकाऱ्यांसमोर बसून म्हणू शकतो की आमच्या बाजूचं आम्ही केलंय, आता तुमच्या बाजूचं बोला.

सध्या आमच्या चौकात प्लॅस्टिकचे बॅरिकेड आणि दोरी आहे, चोवीस तास. कायमचा डिव्हायडर पावसाळा संपला की घालणार असं कानावर येतंय, म्हणजे नेमका दसरा-दिवाळीच्या तोंडावर, जेव्हा वर्षाचा निम्मा रंग मी त्या दोन महिन्यांत विकतो आणि शेजारचा मिठाईवाला, कपडेवाला तेच करतो. माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत एवढीच विनंती आहे की दिवाळी होईपर्यंत काँक्रीट ओतू नये, तोवर वर लिहिल्याप्रमाणे वेळेनुसार वळण, मोकळे ५० मीटर, पुढे नेलेला बसस्टॉप आणि पायी ओलांडायला पुरेसा वेळ, हे चारही एकत्र करून बघावं, आणि मोजून बघावं. मोजणीसाठी मुलं आम्ही देतो, टेबल-खुर्ची आणि चहापाणी आमच्याकडून, फॉर्म आणि देखरेख प्रशासनाची असावी म्हणजे आकडे आम्ही फिरवले असं कुणी म्हणणार नाही. आपल्या वार्ताहरांनीही एखाद्या संध्याकाळी सहा ते आठ त्या कोपऱ्यावर येऊन उभं राहावं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला परत यावं, दोन्ही वेळचे फोटो शेजारी शेजारी छापावेत.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक दुकानदार, पुणे